वरिष्ठांच्या प्रार्थनेला ‘नको’ कोण म्हणणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका मोठ्या संस्थेच्या आस्थापना शाखेत मी ३१ वर्षे काम केले. नेमणुका, रजा, बदल्या, गोपनीय अहवाल आणि तक्रारी यांचे कागद या काळात माझ्या टेबलावरून गेले. कामाच्या ठिकाणी धर्म किती दिसावा, यावरची चर्चा आता वरचेवर वाचनात येते. तिच्यात पोशाखाचा, गळ्यातल्या-कपाळावरच्या खुणांचा आणि सुट्ट्यांचा विचार असतो. पण ज्या गोष्टीमुळे माणसांची प्रत्यक्षात कुचंबणा होते, ती म्हणजे सांगणाऱ्याचे पद कोणते आणि ऐकणाऱ्याचे कोणते, ही मात्र तिच्यात अभावानेच आढळते. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आमच्या विभागाला एकदा नवे प्रमुख आले. कष्टाळू, हिशेबाला चोख आणि मनाने सरळ असे ते गृहस्थ होते. दर सोमवारची आढावा बैठक त्यांनी प्रार्थनेने सुरू करण्याचा प्रघात पाडला. सर्वांनी उभे राहायचे, हात जोडायचे आणि ते म्हणतील ते त्यांच्यामागून म्हणायचे, एवढेच त्याचे स्वरूप होते; सारे तीन-चार मिनिटांत आटपत असे. कोणावरही सक्ती नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि ते त्यांनी मनापासूनच सांगितले होते, याबद्दल मला शंका नाही. टेबलाच्या पलीकडे, माझ्या अगदी समोर, लेखा शाखेतील एक तरुण सहकारी उभी असे. तिचा धर्म वेगळा होता. ती सर्वांबरोबर उठे, पण उठताना वही उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरी आणि नजर त्या वहीच्या वरच्या कडेवर ठेवी. चार-पाच सोमवार गेल्यावर माझ्या ध्यानात आले की वही तिच्या हातात फक्त तेवढाच वेळ असते. प्रार्थना संपली की ती टेबलावर परत जाते. हात जोडायचे नव्हते, आणि जोडले नाहीत हे कोणाच्या डोळ्यांवर येऊही द्यायचे नव्हते, म्हणून ते असे गुंतवून ठेवलेले होते.

सहा-सात महिन्यांनी तिचा बदलीचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असे लिहिले होते. तो अर्ज शिफारशीसह मीच पुढे पाठवला आणि तिला एका शब्दानेही काही विचारले नाही. त्या प्रार्थनेत मी स्वतः हात जोडून उभी राहत होते व मला त्यात काही खटकत नव्हते, कारण प्रार्थना माझ्या धर्माची होती. जे दिसले होते, त्याचा अर्थ मला कळला होता आणि तरीही मी गप्प राहिले. ती चूक माझी आहे, आणि तिची बोच अजून गेलेली नाही.

प्रमुखांनी सक्ती केली नव्हती, असे म्हणून हा प्रश्न निकाली काढता येणार नाही. वर्षअखेरीस ज्याच्या हातून आपल्या गोपनीय अहवालात शेरा पडणार, ज्याच्या सहीवाचून रजा मंजूर होत नाही आणि ज्याच्या शिफारशीवर बढती अवलंबून असते, त्याने ‘वाटलं तर या’ म्हटले की त्यातले ‘वाटलं तर’ खालच्या खुर्चीपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचते ते फक्त ‘या’. बोलणाऱ्याला हे सहसा जाणवत नाही. त्याला आजवर कोणी नकार दिलेला नसतो आणि त्यावरून तो समजतो की सगळे खुशीने येतात. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील १८ व्या कलमाने धर्म पाळण्याच्या आणि प्रकट करण्याच्या स्वातंत्र्याला लागूनच असेही नमूद केले आहे की, आपल्या पसंतीचा धर्म किंवा श्रद्धा बाळगण्याच्या स्वातंत्र्याला बाधा येईल अशी जबरदस्ती कोणावरही करता येणार नाही. कार्यालयांत पहिल्या भागाचा आधार घेणारे पुष्कळ भेटतात. या दुसऱ्या भागाची आठवण क्वचितच कोणी करून देते.

याचा अर्थ श्रद्धा कार्यालयाबाहेर ठेवून यावी, असा मात्र कोणी काढू नये. माणूस आठ-दहा तास कामावर असतो. तेवढ्या वेळापुरते त्याने आपले डोके, गळा, दाढी आणि उपास बाजूला काढून ठेवावेत, असे म्हणणे मला अमानुष वाटते. एखाद्याने स्वतःच्या अंगावर बाळगलेली खूण शेजारच्याकडे काही मागत नाही. तिला पाहून कोणाला नुसतेच अवघडल्यासारखे वाटले, तर ते अवघडलेपण पाहणाऱ्याचे आहे आणि त्याची भरपाई खूण बाळगणाऱ्याने करावी, हा न्याय नव्हे. अशा वेळी प्रशासनाने विचारायचा प्रश्न एकच : यामुळे कामाचे नेमके काय बिघडते?

हा प्रश्न कसा लावून पाहायचा, याचा चांगला वस्तुपाठ युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १५ जानेवारी २०१३ च्या निकालात मिळतो. ब्रिटनमधील चार कर्मचाऱ्यांच्या तक्रारी त्यात एकत्र ऐकल्या गेल्या होत्या. पहिल्या बाई ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवर काम करत. गणवेशावर गळ्यातला लहानसा क्रूस दिसेल असा घालण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही, म्हणून सप्टेंबर २००६ मध्ये त्यांना बिनपगारी घरी बसवण्यात आले. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने स्वतःच गणवेशाचा नियम बदलला आणि त्या कामावर परतल्या. न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. क्रूस लहान होता, इतर कर्मचाऱ्यांच्या पगड्यांना आणि डोक्यावरच्या रुमालांना कंपनीने आधीच परवानगी दिलेली होती आणि त्यामुळे कंपनीच्या नावाला काही बट्टा लागल्याचे दिसत नव्हते, अशी त्यामागची कारणे होती.

दुसऱ्या बाई सरकारी रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका होत्या आणि त्यांच्याही गळ्यात साखळीत ओवलेला क्रूसच होता. त्यांची तक्रार मात्र एकमताने फेटाळली गेली. भ्रमिष्ट अवस्थेतील रुग्ण ती साखळी पकडून ओढू शकतो, किंवा वाकून शुश्रूषा करताना क्रूस पुढे लोंबून उघड्या जखमेला लागू शकतो, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. क्रूस बिल्ल्यासारखा गणवेशाला लावावा किंवा उंच गळ्याच्या कपड्याआड ठेवावा, असे पर्यायही रुग्णालयाने त्यांना सुचवले होते. खूण एकच, श्रद्धाही एकच. तरी निकाल उलट लागले, कारण एका ठिकाणी कंपनीच्या प्रतिमेचा प्रश्न होता आणि दुसऱ्या ठिकाणी जखमेचा. कार्यालयांतून पोशाखाचे नियम करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे मला मनापासून वाटते. आमच्याकडे असे नियम कसे होतात, ते मी आतून पाहिले आहे. कोणाच्या तरी डोळ्यांत काहीतरी खुपते आणि मग ‘शिस्त’ हा शब्द पुढे करून परिपत्रक निघते. कामाचे काय बिघडत होते, याची एक ओळही त्या टिपणीत नसते.

त्याच निकालातील तिसरी तक्रार लंडनमधील नोंदणी कार्यालयाच्या एका अधिकारी बाईंची होती. समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीची, म्हणजे विवाहासारख्या कायदेशीर नात्याची, नोंदणी आपल्या श्रद्धेत बसत नाही, म्हणून त्यांनी ते काम करण्यास नकार दिला होता. न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली नाही, आणि ते मला योग्य वाटते. खिडकीच्या आतल्या माणसाच्या हाती शिक्का असतो. बाहेर उभ्या असलेल्या नागरिकाला दुसऱ्या खिडकीवर जाण्याची सोय नसते, आणि आतल्याच्या श्रद्धेमुळे त्याचे काम अडले किंवा त्याला हलके लेखले गेले, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? म्हणून पद लहान असो वा मोठे, ज्याच्यापाशी दुसऱ्याचे काम अडवण्याची ताकद आहे त्याने आपल्या श्रद्धेचा भार समोरच्यावर टाकू नये. खाटेवर पडलेला रुग्णही असाच बांधलेला असतो. त्याने मागितली तर परिचारिकेने त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करावी. त्याने न मागता सुरू केली, तर ऐकून घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

ग्राहकांच्या नावाने मात्र उलटाही अन्याय होतो. ‘आमची काही हरकत नाही, पण लोकांना आवडत नाही,’ हे वाक्य मी मुलाखतींच्या खोलीत अनेकदा ऐकले आहे. फ्रान्समधील एका संगणक अभियंता बाईंना नेमके याच कारणाने कामावरून कमी केले होते. ग्राहक कंपनीने पुढच्या वेळी डोक्यावर रुमाल नको, असे कळवले होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मार्च २०१७ रोजी स्पष्ट केले की, ग्राहकाची अशी इच्छा म्हणजे त्या नोकरीची खरी आणि आवश्यक गरज ठरत नाही. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने बेल्जियममधील एका स्वागतिकेच्या प्रकरणात असेही म्हटले की, राजकीय, तात्त्विक आणि धार्मिक अशा सर्वच दृश्य खुणांना सर्वांसाठी सारखी मनाई करणारे तटस्थतेचे धोरण, ते खरोखर सुसंगतपणे पाळले जात असेल तर, ग्राहकांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरते ग्राह्य ठरू शकते. २०२१ मध्ये त्यात भर घालण्यात आली की, मालकाला तशी खरीखुरी गरज दाखवावी लागेल, आणि फक्त मोठ्या, ठळक खुणांवर बंदी घालून लहान खुणा चालवून घेता येणार नाहीत. ही भर महत्त्वाची आहे, कारण कोणत्या धर्माची खूण लहान असते आणि कोणत्या धर्माची मोठी, हे काही कर्मचारी ठरवत नाही. तरीही सरसकट तटस्थतेचे हे धोरण मला पुरते पटलेले नाही. ज्यांच्या धर्मात अंगावर काही बाळगावे लागत नाही, त्यांना तटस्थ राहण्यासाठी काहीच सोडावे लागत नाही. सोडावे लागते ते दुसऱ्यांनाच.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हे शीख धर्माच्या आचरणाचा भाग असल्याचे म्हटले आहे, आणि १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत धर्माच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या कराराचा रोखही असाच आहे. एखाद्या कामाची अंगभूत गरज म्हणून केलेला फरक तेवढा त्याने भेदभावातून वगळला आहे.

सवलतीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिचा भार कधी कधी खरोखरच शेजारच्यावर पडतो. आमच्या शाखेत एक सहकारी आठवड्यातून एकदा दुपारी प्रार्थनेला जात असत. जाणे-येणे धरून सव्वा तास मोडत असे. त्या वेळात त्यांच्या टेबलावर आलेला माणूस शेजारच्या लिपिकाकडे वळे आणि लिपिकाचा चेहरा आंबे. ‘यांनाच का सवलत?’ ही कुजबुज माझ्यापर्यंत आली, तेव्हा मी दोघांना समोरासमोर बसवले. ते सहकारी त्या दिवशी सव्वा तास आधी येऊ लागले, येण्याची वेळ हजेरीपटात सर्वांना दिसेल अशी लिहिली जाऊ लागली आणि त्यांच्या अनुपस्थितीत आलेले कागद नुसते ठेवून घ्यायचे, निकाली काढायचे नाहीत, असे ठरले. त्याच महिन्यात कुजबुज करणाऱ्या लिपिकाच्या वडिलांचे डायलिसिस सुरू झाले आणि त्यालाही आठवड्यातून दोनदा लवकर जावे लागू लागले. त्याच्यासाठी त्याच हजेरीपटात तशीच व्यवस्था केली. एकाच्या गरजेमागे श्रद्धा होती आणि दुसऱ्याच्या गरजेमागे वडिलांचे दुखणे होते. कामाच्या दृष्टीने दोन्हींचा हिशेब सारखाच मांडता आला आणि कुजबुज थांबली.

अमेरिकेत या हिशेबावर जवळजवळ साठ वर्षे वाद चालला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभावाला मनाई केली, १९७२ च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा अर्थ असा लावला गेला की, मालकाला नगण्याहून थोडासा जास्त खर्च आला तरी तो नकार देऊ शकतो. रविवारी काम करणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, असे म्हणणाऱ्या टपाल खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी एकमताने हा अर्थ दूर केला : नकार द्यायचा तर त्या व्यवसायाच्या मानाने भरीव वाढीव खर्च किंवा अडचण दाखवावी लागेल. एखाद्या धर्माविषयी किंवा सवलत देण्याच्या कल्पनेविषयीच सहकाऱ्यांच्या मनात असलेली नाराजी ही अडचण म्हणून मोजता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. सहकाऱ्याच्या अंगावर खरोखर जादा पाळ्या पडत असतील, तर ती गोष्ट वेगळी. तिचा विचार व्हायलाच हवा. नाराजी आणि ओझे यांत फरक करण्याचे हे काम अधिकाऱ्याचे आहे, आणि त्यासाठी त्याला पाळ्यांचा तक्ता उघडून बसावे लागते.

सुरक्षेच्या बाबतीत माझे मन अजून पक्के झालेले नाही. ब्रिटनने १९७६ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटची सक्ती माफ केली, १९८९ मध्ये बांधकामाच्या जागेवरही तशी सूट दिली आणि २०१५ मध्ये ती बहुतेक सर्व कामाच्या ठिकाणी लागू केली. त्याचबरोबर पगडीमुळे वाढलेल्या दुखापतीची मालकाची जबाबदारीही मर्यादित केली. स्वतःचे डोके स्वतःच्या जोखमीवर, असा त्याचा आशय आहे. तो प्रामाणिक आहे. पण वरून वीट पडलेल्या माणसाला खाली उतरवायला दुसऱ्या मजुरालाच वर चढावे लागते, हेही डोळ्यांआड करता येत नाही.

बरोबरीच्या सहकाऱ्यांत धर्माविषयी बोलणे व्हावे की नाही, याबद्दल मी फार कडक नाही. जेवणाच्या सुट्टीत दोन माणसे आपापल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलत असतील, तर त्यांना बोलू द्यावे. समोरच्याने एकदा ‘हा विषय नको’ म्हटले की तो तिथे थांबला पाहिजे. दुसऱ्या दिवशी टेबलावर पुस्तिका ठेवून तो पुन्हा उकरून काढू नये. कार्यालयीन कामासाठी काढलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे पाच वाजता देवाधर्माची चित्रे पाठवणे हे त्याच जातीचे आहे, कारण त्या ग्रुपमधून बाहेर पडणे म्हणजे कामाच्या सूचनांनाच मुकणे. विभागप्रमुखाने असे चित्र टाकले की खाली पंधरा जणांचे हात जोडलेले दिसतात, आणि सोळाव्याने काही टाकले नाही, हे सर्वांच्या नजरेत भरते.

हा सोळावा माणूस दर वेळी दुसऱ्या धर्माचाच असतो असे नाही. तो कोणताच धर्म न मानणाराही असू शकतो, आणि माझ्या अनुभवात त्याची अडचण सर्वांत कमी ऐकली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ च्या आपल्या २२ क्रमांकाच्या भाष्यात म्हटले आहे की, १९६६ च्या उपरोक्त कराराचे १८ वे कलम देव मानणाऱ्या, न मानणाऱ्या आणि नास्तिक अशा सर्व श्रद्धांना, तसेच कोणताही धर्म वा श्रद्धा न बाळगण्याच्या हक्कालाही संरक्षण देते. ‘तुम्ही काहीच मानत नाही? मग अडचणीत कोणाचे नाव घेता?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला आपुलकीचा वाटत असेल, पण वरिष्ठाने चारचौघांत विचारल्यावर त्याला झडतीचे रूप येते. कोणी कोणता धर्म का पाळतो किंवा का पाळत नाही, याचा जबाब कामाच्या ठिकाणी कोणाकडूनही घेतला जाऊ नये.

माझी विनंती विशेषकरून अधिकारपदावर असलेल्यांना आहे. आपल्या अंगावरची खूण जरूर बाळगावी, आपल्या खोलीत दोन मिनिटे डोळे मिटून बसावे, रजेच्या दिवशी जिथे जायचे तिथे जावे. पण ज्या बैठकीला हजर राहणे हाताखालच्यांना बंधनकारक आहे, त्या बैठकीत आपली उपासना आणू नये. ती ऐच्छिक ठेवायची असेल, तर कामाच्या वेळेबाहेर, दुसऱ्या खोलीत आणि हजेरी न घेता ठेवावी, आणि कोण आले नाही हे लक्षातही ठेवू नये. आस्थापना शाखांनीही बदलीच्या अर्जातील ‘घरगुती अडचण’ हे शब्द वाचून कागद पुढे सरकवण्याआधी अर्जदाराला एकदा आत बोलावून, दार लावून, काय झाले ते विचारावे. मी विचारले नाही.

त्यानंतर अडीच वर्षांनी ते प्रमुख निवृत्त झाले आणि काही महिने विभागाचा कार्यभार माझ्याकडे आला. पहिल्या सोमवारी मी बैठकीत आले, बसले आणि मागील बैठकीचे इतिवृत्त वाचायला घेतले. सवयीने चार-पाच जण उभे राहिले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते खाली बसले. कोणी काही बोलले नाही. बैठक संपल्यावर एक शिपाई, जे दर सोमवारी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे राहत आणि प्रार्थना संपल्यावरच आत येत, ते मला म्हणाले, ‘बाई, आता चहा लगेच आणू ना?’ मी हो म्हटले. ते कोणत्या धर्माचे आहेत, हे तोवर मला ठाऊक नव्हते आणि नंतरही मी विचारले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी